जुन्या डिस्कव्हरीचं एअर सस्पेन्शन: आधी लीकेज शोधा, कंप्रेसरचं नंतर बघू

सकाळी पार्किंगमध्ये यावं तर गाडी पुढच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली. इंजिन सुरू केलं की मिनिटभरात उठते, दिवसभर नीट चालते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मग एके दिवशी घाटात डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा लागतो, गाडी खड्ड्याखड्ड्यात आदळत घरी येते आणि मिस्त्री सांगतो, "कंप्रेसर गेला." नवा कंप्रेसर बसतो. काही महिन्यांनी तोही जातो.

माझ्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ मध्ये स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा गाडी पेलते आणि कंप्रेसर ती हवा भरतो. असे दोन कंप्रेसर मी घालवले. दोष दोघांचाही नव्हता. लीकेज तसंच ठेवून नवा कंप्रेसर बसवला, तर तो लीक होणारी हवा भरून काढण्यात दिवसरात्र राबतो आणि जळतो. हे टाळण्यासाठी कामाचा क्रम काय ठेवायचा, ते इथे लिहितोय.

हे सगळं डिस्कव्हरी ३, डिस्कव्हरी ४ आणि २००५ ते २०१३ मधली पहिली रेंज रोव्हर स्पोर्ट यांना लागू आहे. तिघींची सस्पेन्शनची रचना सारखीच आहे. मोठ्या रेंज रोव्हरची मांडणी वेगळी आहे. शोधायची पद्धत तिला चालेल, सुट्या भागांच्या जागा जुळणार नाहीत.

## कंप्रेसर का मरतो, हे आधी समजून घ्या

कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि ड्रायरमधून पुढे पाठवतो. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळकांडी. कोरडी झालेली हवा चार स्ट्रटमध्ये (प्रत्येक चाकावरचा हवेचा रबरी फुगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक स्ट्रट) आणि एका साठवण टाकीत जाते. गाडी खाली उतरते तेव्हा तीच कोरडी हवा उलट्या दिशेने ड्रायरमधून बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. म्हणजे ड्रायर स्वतःला सुकवत राहतो.

लीकेज झालं की हे चक्र मोडतं. हवा ड्रायरमधून परत येण्याऐवजी भोकातून निघून जाते, तिच्या जागी नवी दमट हवा येते आणि दाणे सुकायला वेळच मिळत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विचारू नका. दाण्यांचं पीठ होतं, ते व्हॉल्व्हमध्ये अडकतं, ओलावा आत शिरून गंज धरतो. रात्री गाडी दोन बोटं खाली उतरते, एवढ्या किरकोळ वाटणाऱ्या दोषातून सगळी यंत्रणा अशी खराब होते.

## टप्पा १: तयारी

हाताशी काय हवं:

- मल्टिमीटर
- मापाची टेप, वही, पेन
- फवारणीची बाटली, भांडी घासायचं पातळ साबण, जुना रंगाचा ब्रश
- उजेडासाठी चांगली बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा
- अडीच टनांची गाडी पेलणारा जॅक, किमान दोन स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे
- डोळ्यांना चष्मा
- लँड रोव्हरच्या सस्पेन्शन मॉड्यूलशी (सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) बोलू शकणारं डायग्नोस्टिक टूल

शेवटच्या वस्तूवर बरेच जण फसतात. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ओबीडी रीडर फक्त इंजिनचे कोड, म्हणजे बिघाडाचे संकेत, वाचतो. तो "कोड नाही" म्हणाला म्हणजे सस्पेन्शन ठीक आहे असं नाही, तो त्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही. गॅप कंपनीचं आयआयडी टूल या गाड्यांसाठीच बनलंय. चार-पाच मालकांनी मिळून एक घेतलं तरी वसूल होतं.

सावधान: गाडी फक्त हवेवर उभी असताना खाली शिरू नका. हातही घालू नका. टाकीतला दाब साधारण १५ बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सहापटीहून जास्त. एखादी नळी निसटली तर अडीच टनांची गाडी क्षणात बंपस्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर) येते. आधी चासीखाली स्टँड, मग माणूस खाली.

## टप्पा २: बॅटरी आणि कोड

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच गाळली जाते. या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स व्होल्टेजबाबत फार हळवी असते. बॅटरी थकली की इंजिन सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल सस्पेन्शन बिघडल्याचा संदेश देतं. प्रत्यक्षात तिथे काहीच बिघडलेलं नसतं.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठणठणीत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून तपासून घ्या, पुढचं सगळं नंतर. इंजिन चालू असताना १४ च्या जवळपास दिसायला हवं.

मग टूल लावून कोड वाचा, लिहून ठेवा, आणि त्यानंतरच पुसा. गॅरेजमध्ये नेमकं उलट होतं. गाडी आली की पहिल्यांदा कोड पुसतात, दिवा विझतो आणि दिशा दाखवणारा पुरावाही जातो.

## टप्पा ३: चार कोपऱ्यांची मापं

सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथली मापं फसवतात. टायरमध्ये हवा बरोबर करा, सामान काढा, सस्पेन्शन नॉर्मल उंचीवर ठेवा.

चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून घेऊ नका, कारण मग टायरची झीजही त्यात मिसळते. चारही मापं मिलिमीटरमध्ये तारीख-वेळेसह लिहा. डाव्या-उजव्यात १० मिमीच्या आतला फरक असेल तर काळजी नको.

## टप्पा ४: फ्यूज काढून एक रात्र

निदानातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

गाडी लॉक करून ठेवली तरी सस्पेन्शन मॉड्यूल पूर्ण झोपत नाही. ते अधूनमधून जागं होतं आणि एक कोपरा खाली आलेला दिसला तर बाकीचे तीन कोपरे त्याच्या पातळीला खाली आणतं, गाडी तिरकी दिसू नये म्हणून. त्यामुळे सकाळी चारही कोपरे सारखेच उतरलेले दिसतात, मालक म्हणतो "सगळीकडून लीक आहे" आणि मिस्त्री चार स्ट्रटचं एस्टिमेट हातात देतो. खरा चोर एकच असतो.

म्हणून असं करा:

1. गाडी नॉर्मल उंचीवर आणा, इंजिन बंद करा.
2. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधला सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढा. क्रमांक तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेत बघा. कंप्रेसरचा मोठा फ्यूज काढून उपयोग नाही, कारण मॉड्यूल जागंच राहतं आणि हवा सोडू शकतं.
3. चारही मापं लिहा.
4. दुसऱ्या दिवशी, गाडीला हात न लावता, पुन्हा मापं घ्या.
5. इंजिन सुरू करण्याआधी फ्यूज परत लावा.

आता वही बोलते:

- एकच कोपरा उतरला: त्या कोपऱ्याचा स्ट्रट, त्याची नळी, नळीचा जोड किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (हवा कुठल्या कोपऱ्याला जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातला) त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह.
- पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही उतरले: संशय आधी त्या अ‍ॅक्सलच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर. दोन स्ट्रट एकाच वेळी सारखे फुटणं क्वचित घडतं.
- कुठलाच उतरला नाही, पण सकाळी गाडी उठायला वेळ लावते: टाकी, टाकीचा व्हॉल्व्ह किंवा थकलेला कंप्रेसर.
- दोन-तीन आठवड्यांत चारही थोडे खाली आले: हे चालतं. रबरातून हवा थोडी झिरपतेच.

एका रात्रीत काही कळलं नाही तर दोन रात्री ठेवा. घाई करून स्ट्रट मागवू नका.

## टप्पा ५: साबणाचं पाणी

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तेच इथे ब्रशने करायचं. एक भाग साबण, दहा भाग पाणी. बाटली हलवून लगेच मारू नका. फेस बसू द्या, नाहीतर फेसाचे बुडबुडे आणि लीकेजचे बुडबुडे एकच दिसतील.

गाडी ऑफ-रोड उंचीवर (नॉर्मलपेक्षा वर) न्या, फ्यूज काढा, चासीखाली स्टँड लावा, चाकांना ठोकळे. ज्या कोपऱ्यावर संशय आहे तिथून सुरुवात करा. क्रम असा:

1. स्ट्रटच्या डोक्यावरचा नळीचा जोड.
2. नळी, संपूर्ण लांबी. जिथे ती क्लिपमधून जाते किंवा पत्र्याला टेकते तिथे थांबून बघा.
3. स्ट्रटचं रबर, विशेषतः खालची घडी. जुनं रबर इथेच चिरतं.
4. व्हॉल्व्ह ब्लॉकचे जोड. पुढचा ब्लॉक बंपरच्या मागे उजव्या बाजूला असतो, त्यासाठी चाकाचं लायनर (मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) काढावं लागेल. मागचा आणि टाकीचा गाडीच्या पोटाखाली चासीला लावलेले आहेत. इथे फवारा नको, ब्रशच वापरा. विजेचे कनेक्टर शेजारीच असतात.

प्रत्येक जोडाजवळ एक मिनिट थांबा. माझ्या गाडीचं लीकेज मला तिसऱ्या फेरीत सापडलं. पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत नळी एका ब्रॅकेटच्या कडेला घासत होती. बॅटरीच्या उजेडात आधी काहीच दिसलं नाही. मग नळीच्या खालच्या अंगाला, आरशात, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. दोन कंप्रेसर खाणारं भोक सुईच्या टोकाएवढं होतं.

तपासा: वर काही सापडलं नाही तर गाडी नॉर्मल उंचीवर आणून रबर परत बघा. काही चिरा रबर ताणल्यावर उघडतात, काही घडी पडल्यावरच. तरीही बुडबुडा नाही आणि कोपरा उतरतोच आहे, तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतली सीट (व्हॉल्व्ह टेकून हवा अडवतो ती जागा) धरत नाही असं समजा. तो ब्लॉक बदलावा लागतो.

## टप्पा ६: हवा सोडणं

काहीही खोलण्याआधी हवा काढायची, तीही टूलने. टूलमध्ये कोपरा आणि टाकी वेगवेगळी रिकामी करायची सोय असते. पाना लावून नळी ढिली करायची आणि हवा "हळूहळू" सोडायची, ही गॅरेजमधली पद्धत मी पाहिली आहे. १५ बारला हळूहळू असं काही नसतं. टूल नसेल तर काम इथेच थांबवा आणि टूल असलेल्याकडे जा.

स्टँड आधी, हवा नंतर. गाडी जॅकवर घेताना फ्यूज काढलेलाच असू द्या. नाहीतर चाक लोंबकळल्यावर मॉड्यूलला वाटतं गाडी फार वर गेली, आणि ते स्ट्रटमधली हवा सोडायला लागतं.

## टप्पा ७: दुरुस्ती

नळी असेल तर काम सोपं आणि स्वस्त आहे. घासलेला तुकडा कापा, त्याच बाहेरच्या मापाची एअर सस्पेन्शनची नायलॉन नळी आणि योग्य दाबाचे जोड वापरा. काप काटकोनात हवा. पक्कडीने किंवा हॅक्सॉने कापलेलं टोक चेपतं आणि तिथूनच परत गळतं. नळी कापायचा छोटा कटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नळी किती आत जायला हवी ते पेनने आधी खुणा करून ठेवा आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत सरळ दाबा. फेव्हिक्विक, एम-सील, टेप यांतलं काहीही इथे टिकत नाही. जिथे घासत होती तिथे नळीवर रबरी आवरण चढवा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

स्ट्रट असेल तर हे लक्षात ठेवा:

- दुकानात "एअरबॅग" म्हणालात तर स्टिअरिंगमधली समजतील. "सस्पेन्शनचा एअर स्ट्रट" म्हणा, सोबत चासी नंबर द्या.
- वापरलेला स्ट्रट घेऊ नका. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात धातूचा ब्रॅकेट किंवा आर्म मिळाला तर जरूर घ्या. रबराचं वय मात्र किलोमीटरवर नाही, वर्षांवर मोजलं जातं.
- नळ्या वेगवेगळ्या रंगांच्या असतात. सोडवण्याआधी फोटो काढा.
- चाकाच्या सेन्सरच्या आणि ब्रेकच्या वायरी लोंबकळू देऊ नका. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तारेने वर बांधून ठेवा.
- जुना जोड परत वापरू नका. नवा जोड आधी ब्लॉकमध्ये किंवा स्ट्रटमध्ये हाताने बसवा, मग पान्याने हलकं घट्ट करा आणि मग नळी दाबा. धागे नाजूक असतात.

यानंतर दोन चुका होतात, आणि दोन्ही महागात पडतात.

पहिली: स्ट्रट बसला की जॅक सोडून गाडी चाकावर टेकवतात आणि मग हवा भरतात. रिकाम्या स्ट्रटवर वजन आलं की रबराची घडी वेडीवाकडी पडते आणि नवा स्ट्रट पहिल्याच दिवशी चिरू शकतो. गाडी स्टँडवर असतानाच स्ट्रटमध्ये टूलने थोडी हवा भरा, रबर सगळीकडून सारखं फुगल्याची खात्री करा, आणि मगच हळूहळू वजन द्या.

दुसरी: लोअर आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट चाक लोंबकळत असतानाच पूर्ण आवळतात. आर्मच्या सांध्यातला रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग "नवे बुश टाकले तरी आवाज येतो" अशी तक्रार सुरू होते. बोल्ट आधी फक्त बसवा. आर्म नॉर्मल उंचीच्या कोनात आल्यावर कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा.

## टप्पा ८: आता कंप्रेसर

लीकेज बंद झालं. आता कंप्रेसर खरंच थकलाय का, ते कळेल. तो मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली असतो.

आधी रिले, म्हणजे कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदला. अगदी स्वस्त वस्तू आहे. जास्त काम पडल्याने तिचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मग कंप्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. कंप्रेसर नवा असो वा जुना, रिले नवीच हवी.

मग ड्रायर उघडा. दाणे सुटे आणि कोरडे असतील तर ठीक. पांढरं पीठ किंवा चिकट लगदा दिसला तर दाणे बदला, हवा बाहेर सोडायचा (एक्झॉस्टचा) मार्ग साफ करा, हवा ओढायचा फिल्टर बघा. पुष्कळदा एवढ्यावरच कंप्रेसर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. सील झिजलं असेल तर त्याचा किटही मिळतो.

कंप्रेसर बदलावाच लागला तर आधी कुठला बसवलाय ते बघा. सुरुवातीच्या गाड्यांत हिताची आहे, नंतरच्या गाड्यांत एएमके आला. हिताचीच्या जागी एएमके बसवता येतो, पण मॉड्यूलचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागतं. ते न करता बसवला की कोड येत राहतात आणि बिचारा नवा कंप्रेसर "डुप्लिकेट निघाला" म्हणून बदनाम होतो.

या टप्प्यावर कुणीतरी सांगेलच, "साहेब, कॉइल स्प्रिंग टाकून टाका, कटकट संपेल." माझं मत स्पष्ट आहे: नको. उंची बदलायची सोय गेली की खडकाळ रस्त्यावर ही गाडी अर्धी होते, आणि मॉड्यूलला गप्प बसवायला वायरिंगमध्ये जे उद्योग करतात ते पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत आडवे येतात.

## टप्पा ९: कॅलिब्रेशन आणि शेवटची तपासणी

फक्त नळी किंवा स्ट्रट बदलला असेल तर सहसा कॅलिब्रेशन (मॉड्यूलला बरोबर उंची टूलने शिकवणं) लागत नाही. कोपऱ्याची उंची मोजणारा हाइट सेन्सर काढला किंवा बदलला असेल तर लागतं. पावसाळ्यानंतर एखादा कोपरा अचानक जास्त वर जायला लागला तर स्ट्रट सोडा, सेन्सरचं कनेक्टर उघडा. आत हिरवा गंज दिसेल.

कॅलिब्रेशन सपाट जागी, रिकाम्या गाडीवर, चाकाच्या मध्यापासूनच्या मापांनी करा. लीकेजने तिरकी झालेली गाडी कॅलिब्रेशनने सरळ दाखवू नका. असं "दुरुस्त" केलेली गाडी माझ्याकडे बघायला आली होती. दोन आठवड्यांत ती दुसऱ्या बाजूला कलली होती.

आर्म किंवा बॉल जॉइंट सोडवला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

मग टप्पा ४ परत करा, या वेळी तीन रात्री. चारही मापांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक नसेल तर काम झालं. फरक असेल तर टप्पा ५ वर परत. दुसरं लीकेज बहुधा आधीच्या मोठ्या लीकेजमागे लपलेलं असतं.

## यापुढे

महिन्यातून एकदा चार मापं लिहा, पाच मिनिटं लागतात. कोकणातून आलात की गाडी ऑफ-रोड उंचीवर उभी करून चाकांच्या आतून आणि सेन्सरच्या दांड्यांवरून गोडं पाणी सोडा. वाळू आणि मीठ रबराच्या घडीत बसून राहतात. त्यासाठी गाडीखाली जायची गरज नाही, पाइप बाहेरूनच धरा.

आणि पार्किंगमध्ये गाडीच्या पोटाखाली दगड, खुंटी किंवा उंच कठडा येणार नाही असं बघा. लीकेज सुरू झालं की गाडी रात्रीतून खाली येते आणि सकाळी त्याच दगडावर टेकलेली असते. अशा वेळी इंजिन सुरू करून तिथेच उंची वाढू द्या, चारही कोपरे उठल्याचं डोळ्यांनी बघा, आणि मगच गिअर टाका.